फोन कुणाच्या नावावर?

मन्मथअप्पा फोन उचलून ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘बोला, किती दाखवायचं?’ म्हणत. पलीकडे नेहमीचा आडत्या असला तर त्याला ते अंगवळणी पडलेलं असायचं, तो सरळ आपला आकडा सांगायचा. नवखा माणूस मात्र गडबडायचा. एकदा त्यांच्या धाकट्या मुलीला बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा परळीहून फोन आला आणि अप्पांनी सवयीनं तेच विचारलं. पाहुणे म्हणाले, ‘आमी काय दाखवायचं? आमी तर बघायला येणार हाव.’ हा किस्सा अप्पा स्वतःच चारचौघांत सांगायचे आणि वर म्हणायचे, ‘पोरगी काय अन् उत्पन्न काय, जसं हाय तसं कोणी दाखवतंय व्हय?’

लोक हसायचे. मी हसत नसे. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड लिहायचं असा आपल्याकडं रिवाज आहे. अप्पांबद्दल गोड लिहिणारे अंबाजोगाईत पुष्कळ आहेत, त्यांनी खुशाल लिहावं. मला अप्पा आवडत नसत. ते गमतीदार होते, कुणाला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत, आणि तरीही त्यांनी आमच्या घरात जे केलं ते मी विसरायला तयार नाही.

अप्पा करसल्लागार होते. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानाच्या वर त्यांची कचेरी होती. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डब्यातलं लिंग, पांढराशुभ्र शर्ट, टेबलावर दोन फोन. त्यातला एक लाल. फोन पुसायला एक वेगळा फडका असायचा आणि कुणी फोन मागितला तर अप्पा आधी रिसिव्हर पुसून मगच त्याच्या हातात द्यायचे. नंबर मात्र स्वतःच फिरवायचे, पेन्सिलीच्या बोथट टोकानं. गावात घरोघर फोन आले तरी त्यांची ही पद्धत सुटली नाही. फोन ही वस्तू त्यांना देवघरातल्या वस्तूसारखी वाटायची, आणि त्या वस्तूचा खर्च कुठं दाखवायचा, या एका विषयात त्यांचं डोकं इतकं चालायचं की तेवढं चांगल्या कामाला लावलं असतं तर गावाचं भलं झालं असतं.

घाटनांदूरचा एक बी-बियाणं विकणारा दुकानदार त्यांच्याकडं यायचा. त्याच्या वेळचं संभाषण मी त्याच खोलीत बसून ऐकलंय.

‘फोन किती?’ अप्पांनी विचारलं.

‘दोन हायेत. एक दुकानात, एक घरी.’

‘घरचा बी दुकानात घ्या.’

‘घरच्या फोनवर तर बायको बोलती, अप्पा.’

‘कुणासंगं?’

‘तिच्या भावासंगं.’

‘भाऊ काय करतोय?’

‘शेती.’

‘मग गिऱ्हाईक हाय की. त्याला काय बियाणं लागत न्हाई?’

दुकानदार खूश होऊन उठला. जिना उतरताना तो बायकोच्या इतर भावांचीही आठवण करत असावा.

अप्पांच्या स्वतःच्या घरी तर सूनबाई जेवणं उरकली की उदगीरला माहेरी फोन लावून बसत, आणि थोरला नातू कॉलेजातून आला की इंटरनेटवर कुठल्या तरी परदेशी मुलीशी गप्पा मारायचा. ते सगळं बिल कचेरीच्या खर्चात. मी एकदा विचारलंच. ‘अप्पा, हे बी धंद्यात धरता?’ अप्पा जराही ओशाळले नाहीत. ‘आमचं डोकं घरी बी चालूच असतंय बे,’ म्हणाले. ‘डोकं जिथं, तिथं कचेरी.’

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. कारण जिचं डोकं आणि दोन्ही हात घरीच चालत होते, अशा एका बाईला याच माणसानं काय सांगितलं ते आता लिहायचं आहे.

ती बाई म्हणजे माझी थोरली भावजय, सुनंदावहिनी. माझा भाऊ चकलांब्याला जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होता. गेवराई तालुक्याच्या त्या टोकाला रोज जाणं-येणं शक्यच नव्हतं, म्हणून तो तिकडंच खोली करून राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. वहिनीनं लग्नाआधी लातूरला मराठी कंपोझिंग शिकून घेतलं होतं. लातूरच्याच एका प्रेसवाल्यानं तिला आपला जुना कॉम्प्युटर हप्त्यानं दिला आणि आमच्या घरात तिचा धंदा सुरू झाला. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, कॉलेजातल्या प्राध्यापकांचे प्रबंध, उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिका. मी ज्या संघटनेचं काम करायचो, तिची पत्रकंही तीच जुळवायची. कंपोझिंग इथं व्हायचं आणि छपाई लातूरला.

सुरुवातीला ती फ्लॉपी एका पाकिटात घालून लातूरच्या एसटीच्या कंडक्टरकडं द्यायची आणि प्रेसचा माणूस स्टँडवर जाऊन ती घ्यायचा. कधी फ्लॉपी पोचायची, कधी कंडक्टरच्या खिशात उदगीर बघून यायची. मग इंटरनेट आलं. मजकूर तारेतून जायला लागला, पण तिकडं उघडला की अक्षरं बदललेली असायची. म्हणून पाठवून झालं की वहिनी प्रेसला फोन लावायची आणि अख्खी पत्रिका मोठ्यानं वाचून दाखवायची. ‘चिरंजीव बालाजी. जी दीर्घ. हां, आता चि.सौ.कां. बघा, कां वर अनुस्वार आलाय का? नाही? मग तिथंच थांबा.’ एका पत्रिकेला असे दोन-तीन फोन व्हायचे. फोन बंद पडला की तिचं काम बंद पडायचं, इतकं ते सरळ होतं.

हा फोन मात्र दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर होता. त्यांनी नंबर लावला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो, आणि लाइनमन दारात उभा राहिला तेव्हा मी कॉलेजात होतो. मधल्या काळात देशाचे दरवाजे उघडले म्हणतात. आमच्यापर्यंत त्यातून एक वायर आली. आईनं फोनला हळदकुंकू लावलं आणि देवघराशेजारच्या स्टुलावर त्याची स्थापना केली. वायर तिथून पुढं पोचत नव्हती, म्हणून वहिनीचं टेबलही देवघराशेजारी आलं. सकाळी आई आरती म्हणायची आणि मोडेम किरकिरायचं. आईनं वर्षभरात दोन्हींची चाल जुळवून घेतली.

त्यात पी.पी.ची भानगड होती. ज्याच्या घरी फोन नाही तो शेजारच्याचा नंबर आपला म्हणून द्यायचा आणि पुढं ‘पी.पी.’ लिहायचा. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही लग्नपत्रिकेच्या तळाशी आमचाच नंबर. पाहुणे कार्यालयाचा पत्ता विचारायला फोन करायचे, आणि वहिनी पत्ता सांगून झाला की हळूच म्हणायची, ‘पत्रिका बघितलीत ना? मीच केलीय. तुमच्याकडं काही कार्य असलं तर सांगा.’ निम्मी गिऱ्हाइकं तिला अशी मिळाली. जाहिरातीवर तिनं कधी एक पैसा घातला नाही. तो फोन हेच तिचं दुकान होतं, हीच पाटी होती.

मग नियम आला. ज्याच्या घरी फोन त्यानं प्राप्तिकराचं रिटर्न भरायचं, कर लागो न लागो. हा नियम आधी मोठ्या शहरांपुरता होता, तो सरकत सरकत आमच्या गावापर्यंत आला. दादा नगरपालिकेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, सरकारी कागद आला की पाणी न पिता उत्तर देणारे. ते लगेच मन्मथअप्पांकडं निघाले. वहिनी म्हणाली, ‘मीही येते. मलाही भरायचंय.’ मी बरोबर गेलो.

अप्पांनी चहा मागवला, भस्माच्या पट्ट्यांखालून तिघांकडं बघितलं आणि विचारलं, ‘फोन कुणाच्या नावावर?’

‘माझ्या,’ दादा म्हणाले.

‘अन् कॉम्प्युटरवर कोण बसतंय?’

‘मी,’ वहिनी म्हणाली. ‘अप्पा, धंदा माझा आहे, माझ्या नावानं भरा. फोनचं म्हणाल तर निम्मा वापर कामाचा असेल, निम्मा घरचा. निम्माच धरा. इंटरनेट मात्र सगळं कामाचं आहे.’

‘निम्मा फोन?’ अप्पांनी टेबलावरचा लाल फोन उचलून उलटा केला आणि खालून वाकून बघितला. ‘सूनबाई, ह्याच्यात निम्मा कोणता? रिसिव्हर तुझा अन् डबडं सासऱ्याचं?’

दादा मोठ्यानं हसले. वहिनीसुद्धा थोडी हसली, कारण सासरे हसत असताना सून गंभीर बसून राहिली तर ते वाईट दिसतं.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. कायदा साधा आहे, तो मी पुढं वाचला आणि वाचता येणाऱ्या कुणालाही तो कळेल. खर्च धंद्यासाठी झाला असेल तर तो धंद्याच्या उत्पन्नातून वजा होतो. घरच्या फोनवरून धंदा चालत असेल तर घरगुती वापराचा हिस्सा बाजूला काढायचा आणि उरलेला धरायचा. बिलावर सासऱ्याचं नाव असलं म्हणून सुनेनं केलेला खर्च हवेत जात नाही. तो कशासाठी केला आणि कुणी भरला, एवढं दाखवता आलं की झालं. वहिनी जे म्हणत होती ते शब्दाशब्दानं बरोबर होतं. आणि आकडेमोडीत मुरलेल्या अप्पांना ते माहीत नव्हतं, असं मला कुणी सांगू नये.

‘हे बग,’ अप्पा समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘बिल दादासाहेबांच्या नावाचं. तुझ्या नावानं धंदा दाखवला की इन्कमटॅक्सचा साहेब इचारणार, बाई, फोन कुणाचा? खामखा झंझट. त्यापरीस धंदाच दादासाहेबांच्या नावानं दाखवू. दादासाहेबांचं कॉम्प्युटर सेंटर. सगळं बिल वजा, इंटरनेट वजा, लाइटबिल बी घेऊ थोडं. निम्मा-पाऊण करत बसायलाच नको.’

‘पण काम मी करते.’

‘करतीस की. कोण न्हाई म्हणतंय? घरच्या बाया काम करत्यातच.’

‘माझ्या नावावर काहीच राहणार नाही मग.’

‘पुढच्या साली बघू,’ अप्पा म्हणाले आणि दादांपुढं कागद सरकवला.

दादांनी सही केली. आपली सही व्यवस्थित यावी म्हणून त्यांनी आधी रद्दी कागदावर एकदा करून बघितली. अशा रीतीनं माझे वडील, ज्यांनी त्या दिवसापर्यंत माउसला हात लावला नव्हता आणि पुढंही कधी लावला नाही, एका कॉम्प्युटर सेंटरचे मालक झाले.

वहिनीच्या एकटीच्या नावानं भरलं असतं तर बहुधा तिला कर लागलाही नसता. अप्पांना बाईच्या नावाची नवी फाइल उघडायचा कंटाळा होता, एवढंच त्यामागचं तत्त्वज्ञान. पण घरात मात्र सगळे खूश. दादा गल्लीत सांगत सुटले, ‘अप्पानं फोन फुकटात पाडला.’ भाऊ शनिवारी आला, त्याला सांगितलं तर म्हणाला, ‘नाव कुणाचं का असेना, पैसा घरातच आहे ना.’ माझा भाऊ वाईट माणूस नाही. त्याला खरोखरच यात काही दिसलं नाही.

पुढच्या साली वहिनीनं आठवण करून दिली. अप्पा म्हणाले, ‘आता मधीच बदललं तर साहेबाच्या डोळ्यात येतंय. पुढच्या साली बघू.’ त्याच्या पुढच्या साली बदलीवर नवा साहेब आला होता. त्याच्याही पुढच्या साली अप्पांच्या मुलीचं लग्न होतं, त्यांना सवड नव्हती. त्या लग्नाची पत्रिका वहिनीनंच केली. अप्पांनी येऊन प्रूफ बघितलं, भस्माच्या रंगाची नक्षी कडेनं टाकायला लावली आणि जाताना म्हणाले, ‘हात लई चांगला हाय तुझा.’ हे ते मनापासून म्हणाले. म्हणूनच मला त्यांची जास्त चीड येते. कारण तो हात कुणाचा आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वहिनीला आता स्वतःचं छोटं ऑफसेट मशीन घ्यायचं होतं. लातूरच्या प्रेसवर अवलंबून राहायचं नव्हतं. लग्नसराईत तिकडं काम तुंबलं की हिच्या पत्रिका मागं पडायच्या आणि गिऱ्हाईक हिच्यावर ओरडायचं. स्टँडजवळ एक गाळा मिळत होता, प्रेसवाला जुनं मशीन द्यायला तयार होता. राहिलं होतं कर्ज. ती बँकेत गेली. बँकेतल्या साहेबांनी तिचं काम बघितलं, पत्रिकांचे नमुने कौतुकानं चाळले आणि म्हणाले, ‘छान. तुमच्या नावाची मागची तीन रिटर्न आणून द्या.’

आम्ही दोघं मोंढ्यातला तो जिना पुन्हा चढलो.

‘दादासाहेबांच्या नावानं घ्या की कर्ज,’ अप्पा म्हणाले.

‘त्यांचं वय बँकेला चालत नाही.’

‘मग मास्तरच्या?’

‘ते सरकारी नोकर. त्यांच्या नावानं धंदा कसा चालेल?’

अप्पांनी पेन्सिल कानात घालून फिरवली.

‘मागची वर्षं माझ्या नावावर करून द्या,’ वहिनी म्हणाली. ‘जे झालं तेच लिहायचंय. दुसरं काही नको.’

‘जे झालं तेच म्हणजे, दादासाहेबांनी खोटं लिवून दिलं म्हणायचं. सही त्यांची हाय, सूनबाई. माझी न्हाई. नोटीस आली तर ती बी त्यांनाच येतीय.’

मला राहवलं नाही. ‘सही तुम्ही करायला लावली, अप्पा.’

‘तू गप बस बे, पत्रकवाल्या. तुझी ती क्रांती बी दादासाहेबांच्याच सेंटरात छापायलीय म्हण की.’ मग ते वहिनीकडं वळले आणि त्यांचा आवाज खरोखर मऊ झाला. ‘मी तुझं वाईट करावं म्हणून केलं न्हाई, पोरी. समद्यांचं असंच करतो. त्या गुरुजीची बायको शिकवण्या घेती, ती गुरुजीच्या भावाच्या नावानं. खालच्या आळीची शिलाईवाली, ती नवऱ्याच्या. पापडवाल्या दोघी बहिणी हायेत, त्या त्यांच्या बापाच्या. फोन ज्याचा, मीटर ज्याचं, धंदा त्याचा. कुणाचं काय अडलं आजवर?’

त्यांना हा बचाव वाटत होता. म्हणजे हे आमच्या एकट्या घरात झालेलं नव्हतं. त्या जिन्यावरून गेल्या कित्येक वर्षांत चढून गेलेल्या बायका उतरताना बिनधंद्याच्या होऊन उतरल्या होत्या, आणि वर चहाही पिऊन आल्या होत्या.

घरी येऊन मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मथळा दिला, ‘बायकांचे धंदे गिळणारा मोंढ्यातला सल्लागार’. आत अप्पांना काय काय म्हटलं ते इथं सांगत नाही. आजही त्यातला एक शब्द मागं घेणार नाही, पण ते छापण्याजोगं नव्हतं. कागद वहिनीपुढं ठेवला. जुळणी करणारं दुसरं होतं कोण?

तिनं पूर्ण वाचलं. पेन घेऊन दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं. मग म्हणाली, ‘भावजी, खाली अक्षरजुळणी म्हणून कुणाचं नाव टाकू?’

‘तुमचं टाका.’

‘कागदोपत्री तर दादांची आहे.’

मी कागद परत घ्यायला हात पुढं केला.

‘हे वाटलं की पहिल्यांदा दादांना विचारतील, काय हो, सुनेचा धंदा तुम्ही गिळला का? त्यांना रस्त्यानं चालता यायचं नाही. त्यांना कळलेलंसुद्धा नाही, आपण काय केलंय ते.’ तिनं कागद माझ्या हातात परत दिला आणि प्रेसला फोन लावला. ‘हां, घ्या. श्री गणेश प्रसन्न. प्रसन्न झाला का नीट?’

दादा शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होते. ते तसे सरळ माणूस होते. आयुष्यात कुणाचा चहा फुकट घेतला नाही. वहिनीनं हक्क मागितला असता तर हा माणूस कागदावर लबाड ठरला असता, आणि गप्प बसली असती तर तिच्या हाताला नाव मिळालं नसतं. अप्पांनी तिला अशा जागी आणून ठेवलं होतं, की भांडायचं तर घरातल्याच म्हाताऱ्याशी. अप्पांशी भांडायला वाटच नाही. सल्ला देणाऱ्याची सही कुठंच नसते.

रिटर्नची मुदत जवळ आली तशी ती मला म्हणाली, ‘चला.’ दादांना तिनं आधीच सांगितलं होतं, की तुमच्या नावाचं सेंटर आता बंद करायचं. दादांना वाईट वाटलं म्हणे. मालक असण्याची त्यांना सवय झाली होती.

कचेरीत गर्दी होती. मुदतीच्या दिवसांत मोंढ्यातले सगळे तिथं जमायचे. अप्पा एका हातानं लाल फोन धरून कुणाला तरी ‘किती दाखवायचं?’ विचारत होते. वहिनी उभी राहिली. फोन खाली ठेवल्यावर तिनं चारचौघांत शांतपणे सांगितलं, ‘अप्पा, यंदा फोन दाखवू नका. इंटरनेट दाखवू नका. लाइटबिल दाखवू नका. काहीच वजा करू नका.’

‘मग नफा फुगतोय की. कावून खुळ्यावानी करायलीस? कर बसंल.’

‘बसू द्या. फोन दादांच्या नावावर आहे, तिथंच राहू द्या. मला दाखवा.’

बसलेल्या आडत्यांपैकी कुणीतरी खोकलं. अप्पांनी कोरा कागद घेतला, वर तिचं पूर्ण नाव लिहिलं, आणि खाली आल्यावर पेन्सिल थांबवली.

‘धंदा कधीपासून?’

वहिनीनं थांबलेल्या पेन्सिलीकडं बघितलं.

‘खरी तारीख घालता येत न्हाई, सूनबाई. ती वर्षं दादासाहेबांच्या नावावर गेल्यात. तुझ्या नावानं यंदापासून सुरू झाला, असंच लिवावं लागतंय.’

‘लिहा.’

‘पुन्हा म्हणशील...’

‘लिहा, अप्पा.’

त्यांनी लिहिलं. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही, आणि फी घेतली नाही. फी घेतली नाही, हे पुढं ते लोकांना सांगत असत, मोठे उपकार केल्यासारखं. मला विचाराल तर त्यांनी ती दुप्पट घ्यायला हवी होती, निदान त्या कामाला काही किंमत आहे हे तरी कबूल केल्यासारखं झालं असतं.

वहिनीनं स्वतःच्या नावानं फोनला अर्ज केला. दादांना ज्यासाठी माझं अख्खं बालपण थांबावं लागलं होतं, तो फोन तिला आठवड्यात मिळाला. तोही देवघराशेजारीच बसला आणि आईनं त्यालाही हळदकुंकू लावलं. त्याचा खर्च पुढच्या साली अप्पांनी मुकाट्यानं तिच्या धंद्यात धरला. घरगुती म्हणून थोडा हिस्सा तिनंच बाजूला काढायला लावला. निम्मा फोन कुठं असतो, हे तेव्हा त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतरच्या साली अप्पा गेले. कचेरीतच, खुर्चीत. फोन वाजत होता म्हणे आणि ते उचलत नव्हते, म्हणून खालचा आडत्या वर गेला. मोंढा एक दिवस बंद राहिला. शोकसभेत एकामागून एक लोक उठले आणि अप्पांनी आपलं किती वाचवलं ते सांगू लागले. सगळं खरंच होतं. घाटनांदूरचा तो बियाणंवालाही बोलला. मी बोलायला उठणार होतो. वहिनी बायकांच्या बाजूला बसली होती, तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मी बसलो. त्या बायकांमध्ये शिकवण्या घेणारी होती, शिलाईवाली होती, पापडवाल्या दोघी बहिणीही होत्या. पदर डोक्यावर घेऊन त्या सगळ्या अप्पांसाठी रडत होत्या.

तिसरं रिटर्न अप्पांच्या मुलानं भरून दिलं. ते घेऊन वहिनी आणि मी बँकेत गेलो. आधीचे साहेब बदलून गेले होते. नवीन साहेब तरुण होते, सभ्य होते, वहिनीला त्यांनी ताई म्हटलं. कागद उलटून बघताना ते एका ठिकाणी थांबले.

‘तीनच वर्षं झालीत धंद्याला. तशा नवीनच आहात, ताई.’

या बाईनं या तालुक्यातली किती लग्नं आपल्या हातानं लावून दिली होती, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं.

‘हो,’ वहिनी म्हणाली, ‘नवीनच आहे.’

साहेब प्रसन्नपणे हसले. कर्ज मंजूर करायला हरकत नाही म्हणाले, पण नवीन माणसाला काही गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या असतात. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि छपाईच्या धंद्यात काय काय अडचणी येतात, लग्नसराईत काम कसं तुंबतं, प्रूफ नीट बघितलं नाही तर गिऱ्हाईक कसं ओरडतं, हे सगळं वहिनीला सावकाश समजावून सांगितलं. वहिनी हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली.